चढणीचा मासा

माझं तुळजापुरात फ्लेक्स छापायचं दुकान आहे. गावातला जवळजवळ प्रत्येक कर्ता माणूस माझ्या हातून एकदा तरी ‘भावी’ झालेला आहे. भावी नगरसेवक, भावी सभापती, भावी आमदार. एकाच वॉर्डाचे भावी नगरसेवक म्हणून दोन सख्खे भाऊ मी एका दुपारी छापलेत आणि दोघांकडूनही रोख पैसे घेतलेत. त्यामुळं ‘भावी’ या शब्दाचं मला आता काही वाटत नाही. पण हा शब्द माशाला लावणारं गिऱ्हाईक आयुष्यात एकच भेटलं.

“धा बाय पाच घ्या,” अप्पा म्हणाले. “मधी मासा. मोठा. आन् वर लिवा, बोरी नदीचे भावी रहिवासी.”

“अप्पा, मासा एकच आहे. मग ‘चे’ कशाला?”

“मान द्यायचा असतोय. पावणा हाय.”

अप्पा एसटीतले निवृत्त कंडक्टर. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पांढरी टोपी, शर्टाच्या खिशाला शिट्टीची दोरी. नोकरी सुटली, शिट्टी सुटली नाही. चार माणसं जमलेली दिसली की अप्पांची नजर आधी मोजदाद करते. तेराव्याच्या पंगतीत शेजारी बसून मी त्यांना पुटपुटताना ऐकलंय, “बसून चाळीस, उभे सहा.” नातवानं दप्तर पायाशी ठेवलं तर “लगेज वर” म्हणतात. काकू चिडल्या की “सुट्टे न्हाईत” म्हणून बाहेर निघतात.

असा एक अप्पा तुमच्याही गावात असणार. नोकरी संपते, ड्यूटी संपत नाही, अशी ही जात. कुणी अप्पा झाडांना पिंजरे लावत फिरतो, कुणी स्मशानातल्या बाकड्यांसाठी अर्ज करतो, कुणी वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं गोल करून संपादकाला पाठवतो. एरवी मासा गळाला लागतो. आमचे अप्पा माशाच्या गळाला लागले.

झालं ते एका भज्याच्या कागदामुळं. महाद्वाराकडच्या एका टपरीवर अप्पांना भजी मिळाली ती एका जुन्या पेपरात, आणि त्या पेपरात सामन नावाच्या माशाची हकीगत होती. हा मासा दूर नदीच्या वरच्या अंगाला जन्मतो, समुद्रात जातो, काही वर्षं तिकडं काढतो आणि मग वासावरून आपली नदी हुडकत परत येतो. प्रवाहाविरुद्ध चढतो, धबधब्यावरून उड्या मारतो, आणि जन्मला त्या भागात अंडी घालतो. मधे धरण आलं की वाट बंद. अमेरिकेत क्लामथ नदीकाठच्या आदिवासींनी वर्षानुवर्षं भांडून चार धरणं पाडायला लावली. २०२४ साली शेवटचं पडलं आणि त्याच ऑक्टोबरात मासे वर हजर झाले.

अप्पांनी भजी टपरीवरच ठेवली आणि तेलकट कागद घेऊन माझ्या दुकानात शिरले. “मालक, ही तर एसटी हाय!”

“काय?”

“आवो, गाडी मुंबईला जाऊ द्या न्हाईतर हैदराबादला. कुशीवर नाव कशाचं? डेपोचं. फिरून शेवटी मूळ डेपोतच लागणार. या माशाच्या नाकावर डेपोची पाटी हाय.”

इथवर ठीक होतं. पण आमचा भाग कोणता? २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो. नदीत मासा नाही ही आमच्याकडं तक्रारच नव्हे. नदीत नदी नाही, ही तक्रार आहे. आमच्या तालुक्याच्या डोंगरातून निघणारी बोरी नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालते, पुढं अक्कलकोटकडं जाते आणि भीमेला मिळते, असं भूगोल सांगतो. उन्हाळ्यात ती काही ठिकाणी फक्त भूगोलातच वाहते. अप्पांना हे कोणी सांगितलं की ते म्हणत, “पाशिंजर हाय म्हनल्यावर गाडी सोडावीच लागती. आधी पाशिंजर आणू.”

पहिला पाशिंजर चुकीचा निघाला. कुणीतरी अप्पांना सांगितलं, सामन म्हणजे आपला रावस. अप्पांनी मला तसा मजकूर दिला, मी छापला, आणि ‘रावस परत आणा’ हा फ्लेक्स आठवडाभर सोलापूर रस्त्यावर झळकला. तिथल्या मासेवाल्यानं तो वाचला आणि अप्पांना हाक मारली. “अप्पा, रावस समुद्रातला हाय. इंग्रजीत त्याला इंडियन सामन म्हणतेत, पर दोघांची सोयरीक न्हाई. आन् परत आणा म्हंजी काय? आपल्याकडं बर्फातनंच येतोय न्हवं रोज?”

तेवढ्यात गावात वेगळीच बातमी फिरली. माळकरी माणूस मासेवाल्याच्या टोपल्यापाशी अर्धा तास उभा! काकू दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आल्या. “भाऊजी, यांनी माळ काढली का काय, मनून बाया विचारायल्यात. आवो, घरात कधी अंडं आणलं न्हाई, आन् सपनात ‘मासा आला, मासा आला’ मनून वरडायलेत.”

मग अप्पा कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या एका मॅडमना गाठून आले. मॅडमनी सामनची आशा सोडायला लावली; तो थंड समुद्राकाठच्या नद्यांचा. पण आपल्याकडंही प्रवाहाविरुद्ध चढणारा, मोठ्या खवल्यांचा, तगडा मासा आहे, महाशीर. दख्खनच्या महाशीराला शास्त्रीय नाव दिलं सायक्स नावाच्या इंग्रज कर्नलनं, १८३९ साली, आणि त्याचा मासा होता मुळा-मुठेतला. बस्स! अप्पांना तेवढंच हवं होतं. मुळा-मुठेचं पाणी भीमेला जातं, बोरीही भीमेलाच मिळते. “मनजे भावकी निघाली की!” त्यांच्या आजोबांनी बोरीत माणसाएवढा मासा पाहिल्याची आठवणही लगेच उगवली. आजोबा गेल्याला पन्नास वर्षं झाली होती. इतके दिवस ती आठवण कुठल्या डेपोत उभी होती, कोण जाणे.

एसटीच्या पासावर अप्पा थेट महाडकडं जाऊन आले. तिथं काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. काठाला वरदायिनीचं ठाणं, आणि डोहात महाशीर. लोक कुरमुरे टाकतात, मासे वर येऊन खातात, आणि कोणी त्यांना हात लावत नाही. देवीचे मासे! वैतरणेवर वाड्याजवळ तिळसेश्वराच्या डोहातही तसंच. नद्यांमधून हा मासा कमी होत गेला, पण अशा देवांच्या दारात टिकला. अप्पा परत आले ते भारावून.

“मालक, तिथं ना समिती, ना पावती, ना फ्लेक्स. निसती भीती! देवीचा मासा खाल्ला तर वंश बुडंल, एवढंच.”

फ्लेक्स नाही, हे वाक्य त्यांनी माझ्या दुकानात बसून, माझा चहा पीत म्हणावं, हे मला थोडं लागलं. पण पुढच्याच वाक्यात त्यांनी समिती काढली आणि पंधरा बाय आठचा आकार सांगितला.

समितीचं नाव ठरवण्यात तीन बैठका गेल्या. ‘मत्स्य’ आधी की ‘नदी’ आधी, यावर एक. ‘बचाव’ की ‘पुनरागमन’, यावर दुसरी. तिसरीत ‘आई तुळजाभवानी’ सुरुवातीला घालायचं एकमतानं ठरलं आणि उरलेलं नाव तसंच राहिलं. अध्यक्ष अप्पा. खजिनदार म्हणून त्यांचे जुने ड्रायव्हर, कारण “तीस वर्षं पैसा माझ्याकडं होता, आता जरा त्यांच्याकडं.” बाकी सभासदांपैकी निम्मे वाळू, निम्मे विटा या धंद्यातले. नदीबद्दल कळकळ असणारच.

बैठकीत एकानं रास्त शंका काढली. मासा येईल, पण राहील का? पावसाळ्यात येणार, उन्हाळ्यात पाणी आटलं की जाणार. असल्या फिरत्याचा काय भरवसा?

अप्पा उठले. “खंडोबा कुठं ऱ्हातो?”

सगळे गप्प. आमच्याकडचा खंडोबा अणदूर आणि नळदुर्ग अशा दोन गावांत राहतो. मूर्ती एकच, ठाणी दोन. वर्षातला बराच काळ अणदूरला, मग पावणेदोन महिने नळदुर्गला, बोरीकाठच्या मैलारपुरात. न्यायचं-आणायचं गावागावांत करारानं ठरलेलं.

“देव फिरतीवर ऱ्हातो, त्याला कुणी उपरा म्हनतंय का? कल्लोळतीर्थात सगळी तीर्थं धावत आली मनून कल्लोळ झाला, असं सांगतेत ना? तीर्थं डोंगर चढून येतेत, मग मासा का न्हाई येणार?”

या युक्तिवादाला तुळजापुरात उत्तर नाही. ठराव मंजूर झाला. २०२३ साली सरकारनं पापलेटाला राज्यमासा केलं होतं, त्याच्या निषेधाचाही ठराव झाला : समुद्राच्या माशाला राज्याचा मान, आणि नदीच्या माशाच्या नावावर साधा सातबारा नाही!

आता वाट मोकळी करायची. अप्पांनी वहीत टप्पे पाडले. भीमा ते कुरनूर धरण, पहिला टप्पा. कुरनूर ते नळदुर्ग, दुसरा. आणि नळदुर्गला आडवा पाणीमहाल. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : किल्ल्याच्या आत बोरीवर घातलेला हा दगडी बंधारा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात १६१३ साली बांधलेला. त्याच्या पोटात महाल आहे. पावसाळ्यात वरून पाणी कोसळत असताना आत उभं राहिलं तरी अंगावर थेंब येत नाही. पाण्याच्या दोन धारा, नर आणि मादी. बघायला लोक लांबून येतात. अप्पा तिथं गेले, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाले, “चारशे वर्षं झाली, नर-मादी हितं उड्या मारायलेत आन् मासा खाली थांबलाय.”

त्यांनी परदेशात असतो तसा माशांचा जिना सुचवला. धरणाच्या कडेनं पायऱ्यापायऱ्यांनी पाणी सोडायचं, मासा एक एक पायरी चढत वर. चांगली कल्पना. फक्त ती सांगताना त्यांनी उत्साहात क्लामथचा दाखला दिला, आणि ऐकणाऱ्यानं अर्धीच ऐकली. संध्याकाळपर्यंत बातमी पसरली, अप्पा पाणीमहाल पाडायला निघालेत! दुसऱ्या दिवशी माझ्याकडं ‘जाहीर निषेध’चे तीन फ्लेक्स छापायला आले. त्यातल्या एकावर निषेध करणाऱ्यांत अप्पांच्याच समितीचे उपाध्यक्ष होते. मी छापले. धंदा आहे.

जिन्याचा अर्ज अप्पांनी एका कार्यालयात दिला. तिथून तो दुसऱ्या कार्यालयात गेला, दुसऱ्यातून तिसऱ्यात. आमची देवी वर्षातून तीनदा निद्रेला जाते, पण ठरल्या तिथीला उठते. अर्जाची तिथी कोणी सांगेना. तिसऱ्या कार्यालयातल्या साहेबांनी एवढंच विचारलं, “लाभार्थी कोण?” अप्पा म्हणाले, “मासा.” साहेब म्हणाले, “आधार लिंक आहे का?” साहेब विनोद करत होते की नाही, हे अप्पांना अजून उमगलेलं नाही.

जिना होईना, तर मासाच वर आणून सोडू, असं ठरलं. लोणावळ्याला टाटांच्या वळवणच्या केंद्रात महाशीराची पैदास १९७० च्या दशकापासून होते. तिथली बोटुकली देशभर गेली. अप्पांनी दुधाचे दोन कॅन धुऊन ठेवले आणि मॅडमना विचारायला गेले. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कावेरीची गोष्ट सांगितली.

तिकडं कावेरीत स्वतःचा महाशीर होता, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या मोठ्या महाशीरांतला एक. लोकांनी चांगल्या मनानं इकडचा दख्खनी महाशीर नेऊन तिथं सोडला. पाहुणा फोफावला आणि घरधन्याला जागा उरली नाही. त्या कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख नक्की व्हायला २०१८ साल उजाडलं, आणि त्याच वर्षी त्याचं नाव नामशेष होण्याच्या काठावर असलेल्यांच्या यादीत गेलं. बारशाला आणि बाराव्याला एकच मुहूर्त! १९५२ साली चिलापी देशात आणली तीही चांगल्या मनानंच. आज तळ्यात जाळं टाका, निम्मी चिलापी निघते.

“अप्पा,” मॅडम म्हणाल्या, “महाशीराला थंड, वाहतं, खडकाळ तळाचं पाणी लागतं. वैशाखात बोरीत त्याला कुठं ठेवाल? कॅनमधे? आणायचं राहू द्या. जो आहे, त्याला चढू द्या.”

“कोण हाय?”

“मरळ आहे, वाम आहे, शिंगी आहे, बोटाएवढे कितीतरी आहेत. पहिल्या पुरात वर चढतात. तुम्ही पाहिलं नाही?”

अप्पांनी पाहिलं होतं. आपल्याकडच्या प्रत्येकानं पाहिलं आहे. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, ओढे नदीला लागले, की खालचे मासे नव्या पाण्याच्या वासानं वर येतात. ओढ्यात, नाल्यात, पाणी भरलेल्या शेतात अंडी घालायला. चढणीचे मासे. सामन हजार मैलांवरून येतो म्हणून त्याच्यावर लेख येतात. हे दोन-चार कोसांवरून येतात म्हणून यांचं कालवण होतं.

अप्पा त्या दिवशी दुकानात येऊन गप्प बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “लांब पल्ल्याच्या गाडीच्या नादात लोकल फेरी इसरलो की ओ.”

पुढच्या मृगात एका रात्री पाऊस कोसळला. पहाटे अप्पांनी माझं शटर वाजवलं आणि आम्ही माझ्या मोटरसायकलवर नळदुर्ग रस्त्याच्या अलीकडच्या एका ओढ्यावर गेलो. मोरीपाशी जत्रा होती. पाणी तांबडं, फेसाळलेलं, आणि मोरीच्या तोंडाशी चांदीच्या चिपा उडाव्यात तसे मासे उसळत होते. माणसं गुडघाभर पाण्यात. कुणी मच्छरदाणी धरलेली, कुणी पोतं, कुणी बायकोचं लुगडं. समितीचे खजिनदार पँट दुमडून, घमेलं घेऊन अगदी मोक्याच्या जागी. धरलेले मासे काठावर एका मोठ्या फ्लेक्सवर ओतत होते. मी जवळ जाऊन पाहिलं. छपाई माझीच होती. दहा बाय पाच. बोरी नदीचे भावी रहिवासी.

अप्पांनी शिट्टी वाजवली.

सगळे जागच्या जागी थांबले. महाराष्ट्रातला माणूस देवाला घाबरेल न घाबरेल, कंडक्टरच्या शिट्टीला थांबतो.

अप्पा मोरीवर चढले. भाषण होणार म्हणून लोकांनी माना खाली घातल्या. पण अप्पांनी काठावरच्या एका पोराच्या हातातला मासा मागितला. जेमतेम वीतभर. माळकरी माणसानं जन्मात पहिल्यांदा मासा हातात धरला. त्याचं फुगलेलं पोट अंगठ्याखाली दबलं आणि अप्पांच्या तळहातावर अंडी सांडली. बारीक, पिवळट, भिजलेल्या खसखशीसारखी.

अप्पांची नजर सवयीनं मोजायला लागली. ओठ हलले. “बसून...” ते म्हणाले, आणि अडकले. तीस वर्षांच्या नोकरीत न चुकलेली त्यांची मोजदाद पहिल्यांदा चुकली. वीतभर माशाच्या पोटात हजारांनी असतात. रोहूसारखा मोठा असला तर लाखांनी.

“ही एक तिकीट न्हाई रं,” ते त्या पोराला म्हणाले. “आख्खी गाडी हाय.”

आणि मासा पाण्यात सोडून ते मोरीच्या कठड्यावर बसून राहिले.

मग सगळ्यांचं हृदयपरिवर्तन झालं, असं मी लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. त्या पोरानं आपले मासे सोडले. दोन-तिघांनी लाजेखातर सोडले. खजिनदारांनी घमेलं अर्धं रिकामं केलं; अर्धं तिकीट म्हणायचं. बाकीचे थोडं वरच्या अंगाला जाऊन परत पाण्यात उतरले. पण जे सुटले ते आमच्या डोळ्यांदेखत मोरीतून वर गेले. त्यांना ना जिना लागला, ना ठराव. मोरी मोकळी होती आणि काही माणसं काही मिनिटं स्वस्थ उभी राहिली, एवढं त्यांना पुरलं. अप्पांना आणि आपल्या सगळ्यांनाच जड जातं ते हेच स्वस्थ उभं राहणं. त्याचं उद्घाटन होत नाही, त्याचा फोटो निघत नाही, आणि मला त्यातून ऑर्डर मिळत नाही.

अप्पांकडं माझी उधारी आहे ती आहेच. यंदा त्यांनी फ्लेक्स नको म्हणून सांगितलं. प्लास्टिक शेवटी ओढ्यातच जातं, आणि त्यावर मासे ओततात, हा अनुभव. कापडी पाटी हवी, हातानं रंगवलेली. त्यावर मासा नाही, भावी नाही, अध्यक्षांचा फोटो नाही, समितीचं नाव नाही; ते अजून ठरायचंय. नुसत्या दोन ओळी : ‘पहिल्या पुराचे पंधरा दिवस मासा धरू नका. पोटुशी हाय.’

तुमच्याही गावाला एक ओढा असेल, ओढ्यावर मोरी असेल, आणि मृग काही तुमचं गाव टाळून जात नाही. तेव्हा एवढंच करा. ते पंधरा दिवस मच्छरदाणी पलंगावरच राहू द्या. डासही त्याच दिवसांत येतात.